मधली जागा

“आजींना यातून काढून टाकू,” व्हिसाचा एजंट म्हणाला, “मग कसा नवराबायकोचा फोटो दिसेल.”

आजी समोरच बसल्या होत्या, चपला काढून, पाय खुर्चीवर घेऊन. “काढ बाबा,” त्या म्हणाल्या. “देवानं काढायच्या आधी तू काढ.”

शेजारी बसलेल्या शिलाईताईला हसू आलं नाही. परदेशात कामाला असलेल्या नवऱ्याकडे जायचा तिचा पहिला अर्ज परत आला होता. नातं खरं असल्याची खात्री पटत नाही, एवढ्या एका वाक्यावर. तो अर्ज तिने स्वतःच भरला होता आणि नवऱ्याचा एकट्याचा, तिचा एकटीचा असे छानसे फोटो जोडले होते. दोघांचे फोटो होते की. पण प्रत्येकात मध्ये आजी! लग्नाला दोन्हीकडचं काळं कुत्रंही आलं नव्हतं. आल्या त्या आजीच. नोंदणीच्या कचेरीत दोघांचे दंड धरून उभ्या राहिल्या, आणि पुढेही जिथे फोटो तिथे त्या मध्ये. कुणाला काही बोलायचं असेल तर आधी माझ्याशी बोला, असा थाट.

एजंटने आजींना पुसलं. पडद्यावर दोघंच उरली, हातभर अंतरावर, मधल्या रिकाम्या जागेकडे बघून हसणारी.

“बसस्टॉपवरची माणसं वाटतात,” आजी म्हणाल्या.

एजंटने घाईने दुसरा कागद ओढला. “फोन रोज तास-दोन तास आहे, हे चांगलं. एवढं बोलता काय?”

“बोलत नाही,” शिलाईताई म्हणाली. “ते तिकडे पीठ मळतात, मी इकडे मशीन चालवते. फोन बाजूला असतो.”

“नुसता?”

“मशीन थांबली की विचारतात, दोरा तुटला का.”

एजंटने तेही टाइप केलं. मग म्हणाला, “घरच्या कुणाचा तरी जबाब लागेल. आजी, मावशी लिहू? सोपं पडतं.”

“मावशी कशाला? सासू आहे मी.”

“म्हणजे यांच्या नवऱ्याची आई.”

“हिच्या पहिल्या नवऱ्याची. माझा पोरगा गेला, पण ही मला सोडून गेली नाही.”

टाइप करणारी बोटं थांबली. “ताई, हे विचित्र दिसेल. एकदा परत आलाय अर्ज. पुन्हा आला तर फार अवघड होऊन बसेल.”

शिलाईताईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मागच्या वेळी हीच भीती तिला नडली होती.

“उसवलेलं झाकायला वरून पट्टी लावली, की बघणाऱ्याची नजर नेमकी पट्टीवरच जाते,” ती म्हणाली. “आईंना फोटोत परत आणा. त्या सांगतील ते लिहा.”

आजींनी पाय खाली घेतले, प्रवचनाला बसावं तशा ताठ बसल्या.

“लिही. हिचा हा आत्ताचा नवरा आमच्या समोरच्या बेकरीत कामाला होता. एकच पँट घेऊन यायचा. एका महिन्यात कमरेला आत घ्या, पुढच्या महिन्यात सैल करा. शेवटी मीच म्हटलं, अरे, तुझी कंबर आहे की भरती-ओहोटी? हिला काय विचारायचंय ते विचार, पँट तरी वाचेल.”

एजंट खुदकन हसला. “हे असंच लिहू?”

“असंच. खोटं सांगायचं असतं तर याहून बरं रचलं असतं.”

निघताना शिलाईताईने हळूच विचारलं, “आईंना नाही नेता येत बरोबर?”

“यात फक्त बायको, ताई.”

“मला कुठे नेतेस?” आजी चपला शोधत म्हणाल्या. “मी जायची त्या गावाला अर्ज लागत नाही. बोलावणं येतं. तोवर भाची आहे की खालच्या मजल्यावर.”

त्याच दुपारी अर्ज गेला. आता हा परत यायचा नाही, असं शिलाईताईला आतून वाटत होतं. खऱ्याला देव असतो, हे तिने आजींकडूनच ऐकलेलं. घरी येऊन ती मशीनवर बसली, फोन हातात घेतला आणि थांबली.

“आई, तुमचा फोन घ्या. आत जाऊन बसा.”

“कशाला?”

“सवय करायला.”

आजी आत गेल्या. फोन वाजला, उचलला गेला.

“काय बोलू गं?”

“बोलायचं नाही. ऐकायचं.”

तिने पायाखालचं पेडल दाबलं. घर मशीनच्या घरघरीने भरलं. बऱ्याच वेळाने आतून आणि फोनमधून एकदमच आवाज आला, “येतंय गं ऐकू. अगदी इथंच असल्यासारखं.”

बॉबिनमधला दोरा केव्हाच संपला होता. कापडावर नुसती भोकं पडत चालली होती. तिने पाय थांबवला नाही.