बाबाचा बिल्ला

बाळांनो, छाती भरून श्वास घ्या बघू. घेतला? आता फुंका, जोरात, आणि थांबू नका. संपला म्हणता? नाही, तळाशी थोडा उरलाय, तोही काढा. हुश्श! आता अशी कल्पना करा, की तुम्ही नऊ वर्षांची भिंगरी आहात आणि तुमच्या बाबाला नेमकं एवढंच जमत नाहीये.

भिंगरीचा बाबा अग्निशामक दलातला. ती पाळण्यात असताना रंगांच्या एका गोदामाला आग लागली. आतले सगळे कामगार जिवंत बाहेर निघाले. पण आग विझल्यावर बाबा आणि त्याच्या तुकडीने पाठीवरची हवेची सिलिंडरं उतरवली आणि दोन दिवस तशीच राख उपसली. ती राख छातीत घर करून बसली. म्हणून वाचलेल्यांची आणि वाचवणाऱ्यांची, दोघांचीही, दरवर्षी एकाच दवाखान्यात तपासणी होई.

बाबा म्हणे, "मला काय धाड भरलीय!" पण जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचा. त्याच्या बुटांना नाडीच नव्हती. भिंगरी सगळं बघायची आणि गप्प बसायची.

आज मात्र गप्प बसून चालणार नव्हतं. सोमवारपासून नवीन औषधं आणि श्वासाचे व्यायाम सुरू होणार होते. त्यासाठी नळीत तीनदा फुंकायचं आणि तिन्ही आकडे जुळायला हवे होते. नाव घालायचा आज शेवटचा दिवस. नाही जुळलं, तर थेट पुढचं वर्ष!

नाकाला चिमटा लावून बाबा नळीपुढे बसला. तपासणीवाली ताई ओरडायला लागली, "फुंका, फुंका, फुंका! अजून, अजून, अजून... अहो काका, थांबलात का?"

"संपली हवा."

"संपली कुठे? पडद्यावरची रेघ बघा, अर्ध्यात तुटलीय. गेल्या वर्षीही हेच. कागदावर लिहिलंय, 'पुरेसा जोर लावत नाहीत.'"

"जोर लावत नाही? मी?" बाबाचे कान लाल झाले. "दोन माणसं खांद्यावर टाकून जिना उतरलोय मी!"

"मग एक फुंकर पूर्ण मारायला काय होतंय?" ताईही काही कमी नव्हती.

पुन्हा फुंकर. पुन्हा रेघ तुटली. तिसऱ्यांदाही तेच. भिंगरी मात्र रेघेकडे नाही, बाबाच्या डोळ्यांकडे बघत होती. एकदम ती टुणकन उठली.

"ताई! थांबायच्या आधी तो दरवेळी दाराकडे बघतो!"

बाबा चपापला. मग हळूच म्हणाला, "सवय आहे गं. सिलिंडरमध्ये पाव भाग हवा उरली की शिट्टी वाजते. ती हवा परत यायला राखून ठेवायची. कितीही जीव कासावीस झाला तरी तिला हात लावायचा नाही. वीस वर्षं हेच केलंय."

"म्हणजे तू अजून आगीच्या आतच आहेस!" भिंगरी ओरडली.

बाबाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक पितळी बिल्ला होता. आगीत शिरताना प्रत्येकाने आपला बिल्ला दारावरच्या माणसाकडे द्यायचा. बाहेर आला की तो परत मिळायचा. बिल्ला हातात आला म्हणजे तुम्ही सुटलात. ही गोष्ट भिंगरीने बाबाकडूनच शंभरदा ऐकली होती. तिने जुडग्यातून बिल्ला सोडवला आणि दाराला पाठ लावून ताठ उभी राहिली.

"मी दारावर आहे. सगळे बाहेर आलेत, मोजलेत मी. हा घे तुझा बिल्ला. आता काहीएक राखून ठेवायचं नाही. कळलं?"

"कळलं, साहेब," बाबा म्हणाला.

बिल्ला मुठीत घट्ट धरून त्याने श्वास भरला. फूऽऽऽ! रेघ नेहमीच्या जागी आली, थरथरली आणि पुढे सरकली! "अजून!" ताई टेबलावर हात आपटत होती. "अजून!" भिंगरी नाचत होती. बाबाचा चेहरा टोमॅटोसारखा झाला, खांदे हलले आणि मगच नळी सुटली. मग दुसरी फुंकर. मग तिसरी. तिन्ही रेघा एकीवर एक चपखल बसल्या.

"जुळले!" ताई खुर्चीतून उडालीच. "फुप्फुसं दुखावलीत, ते खरं. पण किती, ते आता नीट कळतंय. सोमवारी नऊ वाजता हजर व्हा." मग तिने पुढचे कागद चाळले आणि तिच्या भुवया वर गेल्या. "अगंबाई! शिडीकाका, ढोलकाका, मुनीमकाका... तुमच्या अख्ख्या तुकडीच्या कागदावर हेच लिहिलंय, 'पुरेसा जोर लावत नाहीत'!"

बाहेर बाकावर तिघेही काका एकमेकांची थट्टा करत आपल्या पाळीची वाट बघत बसले होते.

भिंगरीने दार सताड उघडलं, एक हात कमरेवर ठेवला, दुसऱ्याचा तळवा पुढे पसरला आणि खणखणीत आवाजात हुकूम सोडला, "काका लोक, उठा! आधी तुमचे बिल्ले माझ्याकडे जमा करा!"