रांग शांत, पाव पुरला

सरकारी बेकरीचा मुकादम संध्याकाळी घरी आला, की त्याची बायको आधी खिडकीचा पडदा ओढायची आणि मगच ताटं मांडायची. लढाईचं तिसरं वर्ष चालू होतं. शहरातल्या घराघरांत रेशनचा काळा पाव खाल्ला जात होता. त्यात कोंडा असायचा, बटाट्याची सालं असायची आणि मूठ-दोन मूठ लाकडाचा भुसाही असायचा. भुशाबद्दल लोक नुसती शंका घेत. मुकादमाला ते पक्कं ठाऊक होतं, कारण पोतं त्याच्याच देखरेखीखाली फुटायचं. त्याच्या स्वतःच्या ताटात मात्र मैद्याचा पांढरा पाव असे.

हा पाव त्याने चोरलेला नव्हता, हे आधीच सांगायला हवं. पुरवठा अधिकाऱ्याचा हुकूमच होता की दररोज एक पेटी पांढरा पाव वेगळा भाजायचा, वर कापड टाकून मागच्या गल्लीतून हातगाडीवर काढायचा आणि बड्या लोकांच्या घरी पोचवायचा. त्यातले दोन पाव मुकादमाचे. त्याने कधी मागितले नव्हते, पण कधी परतही केले नव्हते. आपण हुकमाचे ताबेदार, आपल्याला काय त्याचं, असं म्हणून तो निवांत जेवायचा. पडदा का ओढावा लागतो, हे तो बायकोला विचारायचा नाही आणि तीही सांगायची नाही. तुम्ही-आम्हीही घरात असे काही प्रश्न विचारायचे टाळतोच की.

एका रविवारी दुपारी त्याची थोरली बहीण आली. तो तिला ताई म्हणायचा. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. आता ती लष्करी इस्पितळात जखमींची शुश्रूषा करायची. लढाईच्या तीन वर्षांत ती निम्मी झाली होती. बायकोने पडदा ओढल्यावर मुकादमाने पुढे होऊन तिच्यासमोर पांढऱ्या पावाचे दोन तुकडे ठेवले.

ताईने एक तुकडा उचलला, वास घेतला आणि परत ठेवला.

"कुठला हा?"

"बेकरीतला. खा ना ताई. कुणाला कळत नाही."

"ते पडद्यावरून समजलं मला," ताई म्हणाली. "मी पहाटेपासून तुझ्याच बेकरीच्या रांगेत होते. माझ्यापुढे अजून चाळीसेक बाया असतील, तेवढ्यात तू पाटी लावलीस, पाव संपला म्हणून. संपला होता का?"

मुकादम गडबडला. "काळा संपला होता. हा वेगळा असतो. वरून हुकूम आहे. मी कोण ठरवणार?"

"इस्पितळात पाय गेलेली पोरं आहेत," ताई शांतपणे म्हणाली. "त्यांना तू दुखतंय का विचार, सांगत नाहीत. उलट विचारतात, घरी पाव मिळतोय का हो? आणि मी हो म्हणते. तीन वर्षं मी त्यांच्याशी खोटं बोलतेय."

"यात महाराजांचा दोष नाही ताई. त्यांच्या कानावर काही जातच नाही. मधले लोक जाऊ देत नाहीत."

"मधले म्हणजे कोण रे?" ताईने विचारलं. "तू दर शनिवारी अधिकाऱ्याला काय लिहून देतोस?"

मुकादम ताटाभोवतीचा पावाचा चुरा बोटाने गोळा करू लागला. तो दर शनिवारी एकच ओळ लिहून द्यायचा. रांग शांत, पाव पुरला. खाली सही. सुरुवातीला एकदा त्याने खरं लिहिलं होतं, तेव्हा अधिकाऱ्याने कागद परत पाठवून नीट लिही म्हणून बजावलं होतं. तेव्हापासून तो नीट लिहीत होता.

"राजाचा हात आम्ही कुणी कधी पाहिला नाही," ताई उठता उठता म्हणाली. "रांगेतल्या बाईला दिसतो तो तुझा हात. पाटी लावणारा. उद्या ती चिडेल तेव्हा राजवाडा तिला लांब पडेल, तू जवळ आहेस. पण त्या भीतीने सुधारू नकोस. लाज वाटली तर सुधार."

ती पाव न खाता गेली. मुकादमाला राग आला. इस्पितळात राहून हिची जीभ फार तिखट झालीय, असं तो बायकोला म्हणाला. बायकोने ते दोन तुकडे फडक्यात गुंडाळून ठेवले, आणि त्या रात्री दोघांनीही ते खाल्ले नाहीत. सकाळी मात्र खाल्ले.

पुढच्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. नळ गोठले. रांगेत मुकादमाच्या खालच्या मजल्यावर राहणारी शिंपीणबाई उभी होती. तिचा नवरा आघाडीवर होता. ती दिवसभर कारखान्यात सैनिकांचे जाड कोट शिवायची आणि स्वतः एका विटक्या शालीवर हिवाळा काढायची. स्वतःच्या वाट्याचा निम्मा पाव ती मुलीला द्यायची, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं.

दहाच्या सुमारास काळा पाव संपला. मुकादमाने खिडकीत पाटी अडकवली. शिंपीणबाई खिडकीपाशी आली आणि म्हणाली, "भाऊ, अर्धा तरी बघा. शिळा चालेल."

"नाही हो वहिनी, खरंच नाही," मुकादम म्हणाला. त्याच्या पाठीमागे, चार पावलांवर, कापडाखाली पेटी भरून ठेवलेली होती. तिचा ऊबदार वास खिडकीपर्यंत येत होता. शिंपीणबाईला तो आला असणारच. तिने एकदा त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं आणि ती बाजूला झाली. भिंतीला टेकून खाली बसली ती पुन्हा उठली नाही.

बायका तिच्याभोवती जमल्या. कुणी हात चोळले, कुणी शाल घातली. दोघी-तिघी पाणी मागायला म्हणून मागच्या गल्लीत धावल्या, आणि नेमकी तेव्हाच हातगाडी बाहेर पडत होती. गाडीवाला त्यांना पाहून घाबरला, गाडी भिंतीला घासली आणि कापड सरकलं.

आरडाओरडा झाला नाही. एक बाई फक्त म्हणाली, "पांढरा आहे." तिच्यामागे दुसरी तेच म्हणाली. मग गल्लीतून पुढच्या रस्त्यापर्यंत तो शब्द पोचला. मुकादम आतून ऐकत होता.

त्याला वाटलं आता लूट होणार. पण बायकांनी पेटी उतरवून तिथेच बर्फात ठेवली. एकीनेही पावाला हात लावला नाही. रिकाम्या गाडीवर त्यांनी शिंपीणबाईला निजवलं. तोवर तिचा प्राण गेला होता. आणि गाडी ढकलत त्या राजवाड्याच्या रस्त्याला लागल्या. भट्टीवर काम करणारे म्हातारे काका, वीस वर्षं मुकादमाच्या हाताखाली एक शब्द न बोललेले, हातातलं लांब फावडं भिंतीला टेकवून त्यांच्यामागे निघाले.

"काका, भट्टी पेटलेली आहे," मुकादम म्हणाला.

"विझेल," काका म्हणाले आणि गेले.

मुकादमाने दार लावून घेतलं. टेलिफोनवर अधिकारी ओरडत होता की दार उघडू नकोस, शिपाई पाठवतोय. शिपाई निघालेही, पण बेकरीकडे आलेच नाहीत. चौकात त्यांनी गाडी अडवली. गाडीवरच्या बाईच्या अंगावरचा पोशाख जुना होता, पण बोटांना खाकी दोरे चिकटलेले होते. शिपायांच्या अंगावर तिनेच शिवलेले कोट होते की नाही कोण जाणे. पण त्यांतल्या प्रत्येकाची आई, बहीण, बायको अशाच कुठल्या तरी रांगेत उभी होती. गोळी झाडा म्हणून हुकूम झाला. गोळी न झाडताच बंदुका खाली आल्या.

चौकातून वाढत गेलेला हजारोंचा जमाव दुपारी पिठासाठी बेकरीच्या दाराशी आला. दार हादरू लागलं, बिजागऱ्या करकरल्या. आता दार मोडणारच, मग आपली हाडंही शिल्लक राहायची नाहीत, या एकाच विचाराने त्याने अडसर काढला.

आणि काय उलटं घडावं! लोकांना वाटलं, मुकादम आपल्या बाजूचा आहे. कुणीतरी ओरडलं, यानेच दार उघडलं. क्षणात त्याला खांद्यावर घेतलं गेलं. कोठारातलं पीठ बाहेर आलं, आणि मुकादम माणसांच्या डोक्यांवरून झुलत राहिला. लाजेने त्याचं तोंड इतकं उतरलं होतं की लोकांना वाटलं, गहिवरलाय.

चार दिवसांत राजाने गादी सोडली. मोटारीतून तो सरहद्दीकडे गेला म्हणे. जाताना तो म्हणाला होता, की माझी प्रजा उपाशी आहे हे मला कुणी सांगितलंच नाही. ही बातमी वाचून शहर हसलं. मुकादम हसला नाही. वर्तमानपत्राची घडी घालून तो बराच वेळ मोरीत तोंड धूत उभा राहिला.

महिन्याभराने वस्त्यावस्त्यांत लोकांच्या समित्या झाल्या. बेकरी कुणाच्या हाती द्यायची, याचा निर्णय शाळेच्या सभागृहात एका रविवारी व्हायचा होता. दार उघडणाऱ्या मुकादमाचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. सभेच्या आदल्या दिवशी समितीचा चिटणीस बेकरीत आला. चांगला, कळकळीचा माणूस, राजाच्या काळात तुरुंगात बसून आलेला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाला, "आई फार आजारी आहे हो. तिला काळा पाव पचत नाही. थोडा मैदा आलाय ना? दोन पाव बाजूला काढाल? एवढंच, आईपुरतं."

"हो, हो, त्यात काय," मुकादमाच्या तोंडून निघून गेलं. त्याचा हात मैद्याच्या पोत्याकडे वळलासुद्धा. मग तो हात त्याला दिसला. त्याने चिटणीसाला उद्या बघू म्हणून वाटेला लावलं आणि पिठाच्या पोत्यावर बसून राहिला. राजा गेला होता. अधिकारी गेला होता. हुकूम द्यायला कुणी उरलं नव्हतं, आणि तरी त्याचा हात कुणी न सांगता जुन्याच वाटेने निघाला होता.

दुसऱ्या दिवशी सभेत त्याचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या पडल्या. पुढच्या बाकावर ताई होती, तिच्या शेजारी शिंपीणबाईची मुलगी. ताईने आजवर कुणाजवळ काही बोलून दाखवलं नव्हतं. मुकादम उभा राहिला. त्याला भाषण येत नव्हतं.

"मी दार भीतीने उघडलं," तो म्हणाला. "तुम्ही ते मोडणार होता म्हणून."

टाळ्या थांबल्या.

"त्या दिवशी शिंपीणबाईंनी माझ्याकडे अर्धा पाव मागितला. शिळा चालेल म्हणाल्या. माझ्या मागे पेटी भरलेली होती. मी नाही म्हटलं. त्या पेटीतले दोन पाव रोज माझ्या घरी जायचे. दर शनिवारी मी लिहून द्यायचो, रांग शांत, पाव पुरला. राजाला कुणी सांगितलं नाही म्हणतात ना, ते न सांगणाऱ्यांत मी होतो. आणि काल कुणीतरी माझ्याकडे आईसाठी दोन पाव मागितले, तर मी हो म्हणालो. म्हणून मला बेकरी देऊ नका."

चिटणीसाने मान खाली घातली. कुणीतरी मागून म्हणालं, "हाकलून द्या त्याला." दुसरा म्हणाला, "तुरुंगात घाला." बराच गोंगाट झाला. शेवटी ताई उठली. भावाची बाजू तिने घेतली नाही.

"त्याला हाकलून आपल्याला काय मिळणार?" ती म्हणाली. "उद्या त्या खिडकीत तुमच्यापैकी कुणी बसेल. त्याचीही आई आजारी पडेल. वाटप रांगेतल्या बायकांच्या हाती द्या, पाळीपाळीने, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आजाऱ्यांसाठी मैदा ठेवायचा तर तोही इस्पितळाच्या चिठ्ठीवर, उघडपणे. आणि याला कणीक मळायला ठेवा. मळता येतं त्याला."

तसंच ठरलं. मुकादमाला त्यानंतर कुणी मुकादम म्हटलं नाही. तो काकांच्या हाताखाली कणीक मळू लागला. पहिल्याच आठवड्यात वाटपाची बाई आजारी पडली, आणि घटकाभर त्याला खिडकीत उभं राहावं लागलं. शिंपीणबाईची मुलगी समोर आली. त्याने पाव पुढे केला. तिने तो घेतला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याला काहीतरी बोलायचं होतं. पण आपण माफी मागणार ती तिच्यासाठी की आपलं मन हलकं व्हावं म्हणून, हे त्याचं त्यालाच सांगता येईना. ती गेली. पुढची बाई आली.

वाचकहो, उपाशी पोटं राजाला गादीवरून खाली खेचू शकतात, हे त्या शहराने दाखवून दिलं. पण तो उपास एकट्या राजाने घडवला नव्हता. पाटी लावणारे, कागद नीट लिहिणारे, पडदा ओढून जेवणारे असे कितीतरी हात त्याला लागले होते, आणि ते हात राजाच्या मोटारीत बसून सरहद्दीपार गेले नाहीत. ते इथेच राहिले, आपल्यात. राज्य बदलायला चार दिवस पुरले. या हातांना वळण लावायचं काम मात्र प्रत्येकाला रोज, स्वतःची लाज जागी ठेवून, करावं लागतं.