अर्ध्या दारापाशी

हार्लेम शहराच्या वेशीलगतच्या त्या घरात सकाळभर दोनच आवाज असत. एक हेस्टर फिरवी त्या छापयंत्राच्या चाकाचा, आणि दुसरा चुलीपाशी बसलेला तिचा सासरा एव्हर्ट पायाने झुलवी त्या पाळण्याचा. पाळण्यात तिचा योरिस असे, चांगला गुटगुटीत, आणि त्याच्या भाराने ते जुनं लाकूड सारखं कुरकुरत राही.

एव्हर्ट शेतकऱ्यांच्या घरांची चित्रं तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेखाटी, रेघा कोरल्या जाव्यात म्हणून तो पत्रा तेजाबात बुडवी, आणि नमुन्याला बरेचदा आपलंच घर घेई. या खेपेलाही तसंच होतं: मधोमध चूल, एका अंगाला पाळण्यातला योरिस, दुसऱ्या अंगाला वर-खाली दोन फळ्यांच्या दाराची मिटलेली खालची फळी आणि तिच्यावरचा रिकामा, उघडा चौकोन.

पहिल्या छापात त्या चौकोनात काळसर डाग आला. शाई नीट पुसली गेली नसेल, असं म्हणून हेस्टरने पत्रा पुन्हा घासूनपुसून घेतला. दुसऱ्या छापात डागाला खांदे होते. तिसऱ्यात रुंद टोपीचा एक माणूस खालच्या फळीवरून हात आत घालून कडी चाचपत होता, आणि त्याची मान पाळण्याकडे वळलेली होती.

"मामंजी, दारात हा कोण काढलात?"

"कुणी नाही काढला."

"मग काय तेजाबाने काढला?"

"काढलाही असेल. फार माजोरी असतं ते." म्हातारा चिलीम तोंडात धरून हसला. "दार म्हटलं की कुणीतरी डोकावणारच."

छाप बघायला मात्र तो उठला नाही. हेस्टरने वळून खऱ्या दाराकडे पाहिलं. सकाळी दूध घेतल्यावर तिने स्वतः लावलेली खालची कडी वर उचललेली होती. बाहेर कुणीच नव्हतं. तिने कडी पुन्हा घट्ट बसवली.

"खरवडूनच टाकते मी त्याला."

"खरवड. पण पत्र्यावर सगळं उलटं असतं, सूनबाई. कागदावरचं उजवं ते..."

"पत्र्यावरचं डावं! लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. कधीतरी नवीन काही बोला."

तिने छाप समोर टेकवून ठेवला आणि खरवडायचं तिकोनी पातं उचललं. शाईने माखलेल्या पत्र्यावर रेघा धड दिसत नव्हत्या, दाराची कडी मागे हळूच किणकिणत होती, आणि तिची नजर पत्र्यावर कमी अन् दाराकडेच जास्त जात होती. कागदावर तो माणूस उजवीकडे होता. पातं पत्र्यावरही उजवीकडेच चालत राहिलं, तांबं लख्ख होईपर्यंत. मग तिने पत्र्याला शाई लावली, ओला कागद पसरला, चाक फिरवलं आणि कागदाचं टोक धरून तो सावकाश वर उचलला.

दारातला माणूस तिथेच होता. त्याने कडी काढली होती. दुसऱ्या अंगाला पाळणा होता, त्यातली उशी होती, आणि उशीवर योरिसच्या जागी नुसता कोरा, स्वच्छ कागद.

"मामंजी," तिने कसंबसं म्हटलं. मागे वळायचं धाडस तिला होईना.

"बघ, कसा गप्प झोपलाय आता," विस्तवावरची नजर न काढता एव्हर्ट म्हणाला. त्याचा पाय तालात चालूच होता. कुरकुर थांबली होती, आणि पाळणा हलका होऊन भरभर झुलत होता.