बोटीत उभी रोशनी

रोहणा गावच्या तानाबाईंनी अडीच वर्षं लेकीला फक्त फोनवर पाहिलं होतं. रोशनी सेवाग्रामला नर्सिंग शिकली आणि लक्षद्वीपच्या एका लहानशा बेटावर नोकरीला लागली. दवाखान्यात ती एकटीच नर्स, रजा मिळेना. शेवटी बेटावर जायचा परवाना काढून तानाबाईच निघाल्या. रेल्वेनं कोची, तिथून जहाज.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेट दिसलं. तिथं धक्का नव्हता. जहाज लांब थांबायचं आणि माणसं, सामान बोटीनं उतरायचं. पण समुद्र खवळला होता. तांदळाची पोती, औषधांची खोकी जाळ्यातून खाली सोडली. प्रवाशांना मात्र खलाशांनी अडवलं. आज कोणी उतरणार नाही, जहाज कोचीला परतणार.

तानाबाई जहाजाच्या बाजूच्या दारात आल्या. खालच्या बोटीत रोशनी उभी होती, उन्हानं रापलेली.

"रोशने! थांब, मी येऊन राह्यली!"

"नाई, आई! पाय घसरला तं बोटीखाली जाशीन!"

बोटीत सफिया नावाची बाई स्ट्रेचरवर होती. आठवा महिना, बीपी फार वाढलेलं, तिला कोचीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायलाच हवं होतं. खलाशांनी तिला वर ओढून घेतलं. रोशनी खालून आधार देत होती. लाटेनं बोट उचलली, तशी तानाबाईंनी लेकीचं मनगट धरलं.

"तू बी चाल इच्यासंग."

"मंग दवाखान्यात कोण? कोचीले इचा भाऊ येईन. तवरोक तूच पाह्य इले."

"दोन घटका बसून बोलाचं होतं वं तुह्यासंग."

रोशनीचे ओठ हलले, पण बोट खाली गेली आणि हात सुटला. तानाबाईंनी लेकीसाठी आणलेली तुरीच्या डाळीची पिशवी खलाशानं दोरीनं सोडली. रोशनीनं ती पोटाशी धरली. बोट लहान होत गेली.

तानाबाई सफियापाशी बसल्या. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती. तरी चमच्यानं पाणी पाजता पाजता त्यांनी रोशनीसाठी साठवलेलं सगळं तिला सांगितलं: कोणाचं लग्न ठरलं, कोणाच्या विहिरीला पाणी लागलं. सफिया त्यांचा पदर धरून ऐकत राहिली.

कोचीत तिसऱ्या दिवशी ती बाळंत झाली. तानाबाईंनी फोन लावला.

"पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत."

रोशनी रडत होती. "आई, आता तू घरी जाय. लय थकली असशीन."

"घरी काऊन जाऊ?" तानाबाई म्हणाल्या. "मंगळवारी दुसरं जहाज हाये. म्या तिकीट काढलं."