दोन पायऱ्या आणि एक लोखंडी रॅम्प

मी एक जुना लोखंडी रॅम्प आहे. चाकांची खुर्ची पायऱ्यांवरून वर न्यायला जो उतार लावतात, तोच मी. बारा फूट लांब, अडीच फूट रुंद, मधोमध सांधा. अंगावरची खडबडीत नक्षी मध्यभागी झिजून गुळगुळीत झाली आहे आणि एका कडेला टेम्पोतून पडल्याचा पोचा आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला लागल्या की बहुधा रडतात. मी रडणार नाही. मला थोडं भांडायचं आहे.

माझा जन्म भोसरीचा, एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमधला. ज्याने मला घडवलं तो धम्मरत्न तिथे वेल्डर होता. त्याला एकच मुलगी, पिंकी. पिंकीच्या पायांत जन्मापासून बळ नव्हतं. बाकी सगळीकडे ते भरपूर होतं. तिची आई पहाटेच्या कंपनी बसने चाकणला जायची, धम्मरत्न आठला शेडवर. त्यामुळे पिंकीला शाळेत नेण्याआणण्याचं काम तिच्या आजीकडे, म्हणजे भीमाबाईकडे होतं. भीमाबाई मूळची उदगीरकडची. इथल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये तिने वीस वर्षं पोळ्या लाटल्या होत्या. तिने पिंकीला चौथीपर्यंत कडेवर घेऊन शाळेत नेलं.

शाळा कोणाची, सरकारी की खासगी, ते मी सांगत नाही. तिच्या दाराला दोन पायऱ्या होत्या, आणि तशा पायऱ्या दोन्हीकडे असतात.

पिंकी पाचवीत गेली तोवर तिचं वजन वाढलं आणि भीमाबाईची कंबर धरली. एका सेवाभावी संस्थेकडून पिंकीला चाकांची खुर्ची मिळाली, पण खुर्ची पायऱ्यांपाशी येऊन थांबायची. मग मुख्याध्यापक रंगराव सरांनी आजीला बोलावून समोर एक कागद ठेवला. गृहाधारित शिक्षणाचा, म्हणजे मुलीने घरीच शिकायचं. हे मी पाहिलेलं नाही. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पण भीमाबाई ही हकीकत भेटेल त्याला सांगते, म्हणून मला पाठ आहे.

सर वाईट माणूस नव्हते. ते समजुतीने म्हणाले, “आजी, शिक्षिका घरी येतील. पोरीचे हाल वाचतील, तुमचेही.”

“किती दिसांनी येतील?”

“आठवड्यातून एकदा.”

“आन् ऱ्हायलेले दिस लेकरानं काय करायचं?”

 भीमाबाईने कागदाची नीट घडी घातली आणि अंगठा न लावता तो परत टेबलावर ठेवला.

त्याच आठवड्यात धम्मरत्नने मालकाला विचारून शेडच्या मागे पडलेली चेकर प्लेट, म्हणजे खडबडीत नक्षीचा जाड लोखंडी पत्रा, घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत तो मला घडवू लागला. पहिल्यांदा मी फक्त सहा फुटांचा होतो. घराजवळ एका ओट्याला लावून पाहिलं, तर खुर्ची अर्ध्यावरून मागे घसरली. पिंकी पडली नाही, पण तिचा चेहरा पांढरा पडला. धम्मरत्न कितीतरी वेळ माझ्याकडे असा बघत होता, की जणू मीच तिला ढकललं होतं.

मग योगिनी मॅडम आल्या. शाळांना मदत करणाऱ्या सरकारी साधन केंद्राच्या त्या फिरत्या विशेष शिक्षिका. एक स्कूटर आणि चौदा शाळा. प्रत्येक शाळेतल्या दिव्यांग मुलांना भेटायचं, शिकवायचं, त्यांच्या घरच्यांना कागदपत्रांत मदत करायची, हे त्यांचं काम. त्यांनी पर्समधून टेप काढली आणि ओटा मोजला.

“एक इंच चढायला एक फूट लांबी लागते, भाऊ. शाळेच्या दोन पायऱ्या म्हणजे बारा इंच. बारा फूट पाहिजे.”

“मॅडम, बारा फूट म्हणजे तर बैलगाडी झाली.”

“होऊ द्या,” मॅडम म्हणाल्या.

अशी माझी लांबी वाढली. धम्मरत्नने दुसरा तुकडा जोडला. खुर्चीचं चाक बाहेर जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना कडा वळवल्या. खाली छोटी चाकं लावली, म्हणजे भीमाबाईला मला ओढता यावं. जून महिन्यात मी शाळेच्या दारात पहिल्यांदा टेकलो. भीमाबाई खुर्ची ढकलायला पुढे झाली, तर पिंकी म्हणाली, “आजी, हात लावू नको.” आजी मागून चालत राहिली, दोन्ही हात खुर्चीपासून वीतभर लांब धरून. पिंकीने चाकं स्वतः फिरवली. मध्ये दोनदा थांबली. वर पोचल्यावर तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही; सरळ वर्गात गेली. तेवढ्यासाठी मला भट्टीतून पुन्हा जन्म घ्यावा लागला तरी चालेल.

पुढचं वर्षभर मी रोज शाळा भरताना आणि सुटताना लागायचो आणि मधल्या वेळात भिंतीला टेकून उभा राहायचो. ‘पोरं अडखळतील’ म्हणून तशी सरांची अट होती. पण हळूहळू सगळ्यांनाच माझी सवय झाली. खिचडीच्या तांदळाची पोती माझ्यावरून वर जाऊ लागली. एक बाई गरोदर होत्या, त्या पायऱ्या सोडून माझ्यावरून चालायच्या. शिपाई कोंडीराम तर मला काढायचं विसरूनच जायचा. लोक म्हणायचे, बरं झालं हा आला. मला वाटलं, आपण आता या शाळेचेच झालो.

चुकलो मी.

पिंकी सहावीत असताना एका कंपनीने शाळेला संगणकाची खोली बांधून दिली. उद्घाटनाला पाहुणे येणार म्हणून दारातल्या पायऱ्यांवर चकचकीत ग्रॅनाइट बसवलं. मला पाहून रंगराव सर म्हणाले, “हा गंजका पत्रा आता इथे नको. दगडावर चरे पडतील.” कोंडीरामने मला अडगळीच्या खोलीत नेलं आणि मोडक्या बाकांमागे उभं केलं. खोलीची खिडकी दाराच्या बाजूलाच होती आणि तिची एक काच फुटलेली होती. पुढचं सगळं मी तिथून पाहिलं.

सोमवारी सकाळी भीमाबाई पिंकीला घेऊन आली. भिंतीपाशी मी नव्हतो.

“मावशी, सरांनी सांगितलंय,” कोंडीराम जमिनीकडे बघत म्हणाला. “आठवडाभर पोरीला घरी ठेवा.”

“आठ दिस शाळेला सुट्टी हाय का?”

“नाही.”

“मग पिंकीला बी न्हाई.”

तिने खुर्ची पायऱ्यांसमोर लावली, चाकांचे ब्रेक दाबले आणि शेजारी जमिनीवर बसली. रंगराव सर बाहेर आले. त्यांनी दोन शिक्षकांना बोलावलं आणि खुर्चीसकट पिंकीला उचलून आत न्यायला सांगितलं.

“नको सर,” पिंकी म्हणाली. “मला उचललेलं आवडत नाही.”

“अगं, चौथीपर्यंत आजी उचलूनच आणत होती ना?”

“तेव्हा मी लहान होते. आता अकरा वर्षांची आहे. आणि मला वर कसं यायचं ते येतं. माझा रॅम्प द्या.”

ती मोठ्याने बोलली नाही. पण ‘माझा’ हा शब्द तिने असा उच्चारला, की अंधाऱ्या खोलीत, बाकांच्या मागे, माझं लोखंड ताठ झालं.

सर आत निघून गेले. सहावीचा वर्ग तळमजल्यावर, अंगणाच्या बाजूला होता; त्याची खिडकी मला दिसत होती. वर्गशिक्षिका सुमनताई हजेरी घेऊ लागल्या. पिंकीचं नाव आलं तेव्हा ती अंगणातून म्हणाली, “हजर.” सुमनताईंनी मान वर केली. मग सरांचा निरोप त्यांना आठवला असावा. ‘वर्गात नाही ती गैरहजर.’ त्यांनी पुढचं नाव घेतलं.

ही साधी गोष्ट नव्हती, मित्रांनो. गैरहजेरी वाढत गेली, की ‘मुलगी शाळेत येत नाही’ असं कागदावर दिसणार होतं. मग तोच घडी घातलेला कागद पुन्हा टेबलावर येणार होता, आणि या वेळी अंगठ्याची वाट कोणी पाहिली नसती.

मंगळवारी पिंकीने अधिक मोठ्याने “हजर” म्हटलं. वर्गातली मुलं खिडकीकडे वळली. सुमनताईंचं पेन हवेत थांबलं, पण लिहिलं ते कालचंच.

बुधवारी उद्घाटन होतं. अंगणात सतरंजी, दाराला झेंडूची तोरणं. रंगराव सर घाम पुसत भीमाबाईपाशी आले. “आजी, आजचा एक दिवस तरी मागच्या बाजूला बसा.”

“मागल्या बाजूला कामून?” भीमाबाई म्हणाली. “दार हितं हाय.”

पाहुणे आले. त्यांनी पिंकीकडे पाहून हसून हात हलवला, ग्रॅनाइटच्या पायऱ्या चढले, फीत कापली, फोटो काढले आणि गेले. मुलगी बाहेर का बसली आहे, असं एकानेही विचारलं नाही. मला वाटलं होतं, कोणीतरी विचारेल. तेव्हापासून मी पाहुण्यांची वाट पाहणं सोडलं.

दुपारी योगिनी मॅडमची स्कूटर आली. महिन्यातला त्यांच्या भेटीचा तो दिवस होता. भीमाबाईकडून सगळं ऐकून त्या सरांकडे गेल्या आणि भेटीची वही मागितली. कार्यालयाचं दार उघडं असल्याने त्यांचा आवाज मला येत होता.

“सर, मी लिहिते ते वाचून दाखवते. विद्यार्थिनी तिन्ही दिवस वेळेवर शाळेत उपस्थित. शाळेने रॅम्प काढल्यामुळे वर्गात प्रवेश नाही. खाली तुमची सही लागेल.”

“मॅडम, असं नका लिहू. तिच्यासाठी घरच्या शिक्षणाची सोय आहे ना?”

“ज्या मुलांना खरंच घराबाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी ती सोय आहे. त्यांच्याकडे मी जातेच. दोन पायऱ्यांसाठी नाही ती. कायद्यानं हे दार तिचं आहे, सर.”

सरांनी सही केली नाही. मॅडमनी ‘सहीस नकार’ असंही लिहिलं आणि वहीच्या पानाचा फोटो साधन केंद्राला पाठवून दिला.

गुरुवारी सकाळी हजेरी सुरू झाली. पिंकीचं नाव आलं.  “हजर,” पिंकी म्हणाली. सुमनताई उठून खिडकीपाशी आल्या, अंगणातल्या पिंकीकडे पाहिलं, आणि उभ्याउभ्याच हजेरीपटावर खूण केली.

“हजर,” त्या स्वतःही म्हणाल्या, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं. मग फळा सोडून खिडकीशी उभं राहून त्यांनी अपूर्णांक शिकवले. तेवढ्या जोरात त्यांना शिकवताना मी कधी ऐकलं नव्हतं.

कोंडीराम हे व्हरांड्यातून पाहत होता. त्याने कमरेची किल्ली काढली, अडगळीचं कुलूप उघडलं, बाक बाजूला सारले आणि मला ओढत बाहेर आणलं. ग्रॅनाइटवर मी टेकलो तेव्हा खर्रकन आवाज आला. रंगराव सर कार्यालयाच्या दारात येऊन उभे राहिले.

“कोंडीराम, तुला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही सर. मेमो द्यायचा तर द्या. चार दिवस मला जेवण गेलं नाही.”

सरांनी ग्रॅनाइटवरचा चरा पाहिला. मग आत वळले. पिंकीने ब्रेक सोडले आणि ती वर आली. या वेळी मध्ये एकदाही थांबली नाही.

साधन केंद्राचं पत्र पंधरा दिवसांनी आलं आणि दिवाळीनंतर त्या दारात सिमेंटचा पक्का उतार झाला. ग्रॅनाइटवरचा माझा चरा मात्र अजून तिथेच आहे. मी तो माझी सही समजतो.

त्यानंतर मी साधन केंद्रात राहायला आलो. जिथे दार अडतं तिथे मला टेम्पोतून नेतात. परीक्षेच्या केंद्रांवर गेलो, बँकेत गेलो, शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आलेल्या मुलांसाठी कचेरीत गेलो. भीमाबाई आता पालकांच्या बैठकांना येते. कुठला दाखला कुठे मिळतो, कोणत्या खिडकीवर माणूस बरा आहे, हे ती नव्या आयांना सांगते. “नको म्हनायला शिका आदुगर,” हे सगळ्यांत आधी सांगते.

एकदाच मी हरलो. मुलांच्या तपासणीचं शिबिर होतं, दिव्यांगांच्या दाखल्यांचं, आणि ते ठेवलं होतं पहिल्या मजल्यावर. समोर अठरा पायऱ्यांचा जिना. मी बारा फुटांचा, मी काय करणार? चाळीस कुटुंबं खाली उभी होती. काही बापांनी मुलांना पाठीवर घ्यायला सुरुवातही केली होती. पिंकी तेव्हा नववीत होती, योगिनी मॅडमना मदत करायला आलेली. तिने खुर्ची जिन्यासमोर आणली आणि म्हणाली, “काका, थांबा. कोणी वर जाऊ नका. डॉक्टरांचं टेबल खाली येईल.”

“असं कसं येईल?” एका बापाने विचारलं.

“त्याला पाय आहेत की चार,” पिंकी म्हणाली.

लोक हसले आणि थांबले. अर्ध्या तासाने डॉक्टर खाली आले, पाठोपाठ टेबल, पंखा आणि शिक्का. पार्किंगच्या शेडमध्ये संध्याकाळपर्यंत तपासणी चालली. शाळेच्या अंगणात ज्याला चार दिवस लागले होते, ते इथे अर्ध्या तासात झालं.

मित्रांनो, मला पुसत जा, रंग द्या, जपा, असं मी तुम्हाला म्हणणार नाही. माझी एकच मागणी आहे आणि ती मी हात जोडून करत नाही. उद्या आपल्या शाळेच्या दारात उभे राहा आणि पायऱ्या मोजा. मग वर्गात जाऊन बघा, तुमच्या गल्लीतलं कोणतं पोर तिथे नाही. ते का नाही, हे मोठ्यांना विचारा. उत्तर मिळालं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. प्रत्येक दाराला पक्का उतार झाला, की मला खुशाल भट्टीत टाका. वितळायला मी तयार आहे.

त्याआधी मात्र नाही.