शिखराकडे पाठ

गावात त्याला सगळे रेडिओ म्हणत, आणि ते बरोबरच आहे असं त्याचंही मत होतं. डोंगरमाथ्यावरच्या त्या एवढ्याशा गावात येणाऱ्या पाहुण्यांना जुना दगडी पूल, बंद पडलेलं मनोऱ्यावरचं घड्याळ आणि दरीपलीकडचं शिखर दाखवणं हा त्याचा धंदा. पुलाला दगड कमी आणि आपले किस्से जास्त, असं तो दाढी करताना आरशातल्या गृहस्थाला ऐकवी.

बायको मात्र दरीकाठच्या कड्यावर कधी आलीच नव्हती. शिखर दिसणार ते सकाळी धुकं फाटलं तरच, आणि सकाळी घरातल्या खोल्यांत उतरलेल्यांचा चहा-नाश्ता तिच्याच गळ्यात. आज जाऊ, उद्या जाऊ, असं चाललेलं. मग डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नजर जातेय, थांबवता येणार नाही. बघायचं ते हिवाळ्याआधी बघून घ्या. जगाला शिखर दाखवत फिरलो आणि घरच्या माणसाला चुलीपाशी बसवलं, या विचाराने त्याला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी पाहुण्यांना बंबाजवळ चहाची किटली ठेवून तो तिला कड्यावर घेऊन गेला.

धुकं असं की हातभरावरचं दिसेना. ती कठडा धरून शांतपणे वाट बघत राहिली. धीर निघेना तो यालाच. धुकंही आपल्याच हलगर्जीपणामुळे आलंय असं वाटून तो सवयीने दरीकडे पाठ करून तिच्यासमोर उभा राहिला आणि सुरू झाला.

"तर मंडळी, समोर जे शिखर आहे..."

"मंडळी कोण? मी एकटीच आहे."

"सवय गं. तर शिखर म्हणजे हुबेहूब बसलेला हत्ती. ही सोंड, हा कान..."

तो बोलत असतानाच तिचा चेहरा उजळला. ओठ किंचित उघडे, डोळ्यांत पाणी. आपलं निवेदन घरच्या माणसालाही इतकं भिडतं हे बघून गडी खूश झाला. त्याने आवाज चढवला आणि हत्तीला दोन सुळेही फुकटात बसवून दिले.

"अहो," ती हळूच म्हणाली, "मागे बघा."

त्याने आधी वाक्य पुरं केलं, मग वळला. दरी पुन्हा पांढरीफटक झाली होती.

"दिसलं?" त्याने घाबरत विचारलं.

"दिसलं."

जन्मभर ज्याच्या जिवावर जेवलो, त्याच्याकडे आजही पाठच केली. त्याला हसू आलं आणि रडूही.

"हत्ती होता ना?"

"हत्तीबित्ती काही नाही. नुसतं ऊन होतं, वरपासून खालपर्यंत. म्हणजे डावीकडे तरी होतं."

"आणि उजवीकडे?"

"उजवीकडे तुमचं डोकं होतं."

त्याने डोक्यावरून हात फिरवला, जणू ते किती रुंद आहे ते मापत.

"उद्या परत येऊ," ती पदराने डोळे पुसत म्हणाली. "फक्त तुम्ही माझ्या शेजारी उभे राहा."