गाद्यांत पुरलेला आवाज

थोरल्याला अलीकडे एक खोड जडली होती: आईच्या नावानं बोलायची. आजारपणात डॉक्टरांनी बाईंच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, घशातली आवाजाची पेटी काढून टाकली, तेव्हापासून हा दिवटा त्यांच्या गाद्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगत सुटला होता, “आईचं म्हणणं असं आहे.” आईला विचारायची तसदी मात्र घेत नव्हता.

बाईंकडे आता टॉर्चएवढं एक यंत्र होतं. मानेला टेकवून बटण दाबलं की ते गुणगुणायचं, ती थरथर तोंडात शिरायची आणि जीभ-ओठ तिचे शब्द करायचे. चढ नाही, उतार नाही. ‘ये बाळा’ म्हणा की ‘चालता हो’ म्हणा, सूर एकच. “गिऱ्हाईक बिचकतं गं,” असं लाडीगोडीनं म्हणत थोरल्यानं त्यांना गल्ल्यावरून उठवलं आणि मागच्या खोलीत, छतापर्यंत रचलेल्या गाद्यांमध्ये नेऊन बसवलं.

तिथं यंत्राचा आवाज कोणाला ऐकूच जाईना. दारात उभी असलेली सूनसुद्धा विचारायची, “काय म्हणालात?” यंत्र बिघडलं असेल म्हणून बाई दवाखान्यात ते वापरायला शिकवणाऱ्या ताईंकडे गेल्या, तर त्यांच्या रिकाम्या खोलीत तेच यंत्र खणखणीत बोललं.

“घरी कुठं बसून बोलता, आजी?”

बाईंनी सांगितलं.

ताई हसल्या. “कापसात तोंड घातलं तर माझंही कोणाला ऐकू जायचं नाही.”

जन्मभर गाद्या विकणाऱ्या थोरल्याला हे ठाऊक नव्हतं? लबाड कुठला. शिवाय आईला अडगळ समजून तो तिच्या डोळ्यांदेखत जुन्या गाद्या फाडत होता, तोच कापूस पिंजून नव्या खोळीत भरत होता.

एकदा वसतिगृहाच्या मॅडम गाद्या न्यायला आल्या. “मुली झोपणार आहेत यांवर. कापूस नवा आहे ना? आजींच्या शब्दावर आम्ही इथं येतो.”

“आईचंच म्हणणं आहे, सगळा नवा,” थोरला म्हणाला.

मागच्या खोलीच्या दारात उभ्या असलेल्या बाई पुढे आल्या. दर्शनी भागात काचेची कपाटं, उघडी फरशी. त्यांनी मफलर सारला, यंत्र मानेला लावलं.

“मॅडम, आत जुना कापूस आहे. यानं भरलाय.”

आवाज काचांवर आपटून दुकानभर घुमला. मॅडम दचकल्या, पण मागे सरल्या नाहीत. “पुन्हा सांगा, आजी.”

बाईंनी पुन्हा सांगितलं, एकेक शब्द सुटा करून.

थोरल्याचं तोंड उतरलं. “आई, घरातलं घरात बोलता आलं असतं.”

“बोलायला जागा ठेवलीस कुठं?” बाईंनी बटणावरचा अंगठा उचलला, त्याची नजर खाली जाईपर्यंत थांबल्या आणि पुन्हा दाबला. “आईच्या नावानं खोटं बोलणाऱ्याच्या हाती दुकान द्यायला मी अजून मेले नाही. गल्ल्यावर मी बसते. तू मागं जा आणि यांच्यासाठी नवा कापूस भर. तोंड बंद ठेवून करायचं तेवढंच काम तुला झेपेल.”